अस्मानी, सुलतानी आणि अर्थसंकल्पाची मराठी

(१)

अर्थसंकल्प हा आकड्यांचा ग्रंथ होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे; आणि म्हणून त्याची चिकित्सा अर्थशास्त्रज्ञाने करावी, भाषाभ्यासकाने त्या वाटेस जाऊ नये, असाही संकेत विद्यापीठीय विश्वात रूढ झालेला दिसतो. हा संकेत फारसा विचारपूर्वक निर्माण झालेला नाही. आकडा स्वतः बोलत नाही. त्याला ज्या शीर्षाखाली बसविले जाते ते शीर्ष बोलते. एकच रक्कम 'येणे' म्हणून लिहिली तर एक अर्थ होतो, 'देणे' म्हणून लिहिली तर दुसरा. 'सूट', 'माफी', 'तहकुबी', 'कपात' आणि 'तूट' या पाच शब्दांत पैशाचे न मिळणे हा एकच अनुभव पाच प्रकारे वाटलेला आहे. आणि त्या प्रत्येक वाटणीत कोणी कोणाला काय द्यावयाचे होते, याचा एक निराळा दावा गृहीत आहे. यास्तव राज्याचा अर्थसंकल्प हा भाषिक लेख म्हणून वाचणे ही चैन नसून गरज आहे.

या दृष्टीने महाराष्ट्र राज्याच्या २०२०-२१ या वर्षाचे अर्थव्यवहार विशेष अभ्यसनीय ठरतात. त्या वर्षाचा अर्थसंकल्प उपमुख्यमंत्री व वित्तमंत्री अजित पवार यांनी ६ मार्च २०२० रोजी विधानसभेत मांडला. त्यानंतर तीनच दिवसांनी पुण्यात राज्यातील पहिले कोरोनाबाधित रुग्ण आढळले. १३ मार्चपासून राज्यात १८९७ चा साथरोग अधिनियम लागू करण्यात आला, आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी झाली. आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वीच त्या वर्षाचा संकल्प निरर्थक झाला, असा प्रसंग राज्याच्या स्थापनेनंतर क्वचितच आला असेल. पुढील बारा महिन्यांत शासनाने जे निर्णय काढले, मार्च २०२१ मध्ये जी आर्थिक पाहणी प्रसिद्ध केली आणि ८ मार्च २०२१ रोजी जो नवा अर्थसंकल्प मांडला, त्या सर्वांत आपत्तीचे वर्णन आहे. प्रश्न असा की, त्या वर्णनाची मराठी आपत्तीचे स्वरूप उलगडून दाखविते की झाकते?

(२)

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मराठीच्याच महसुली परंपरेतील एका जोडशब्दापासून आरंभ करणे सोयीचे होईल. तो शब्द म्हणजे 'अस्मानी-सुलतानी'. आज तो 'सर्व प्रकारची संकटे' अशा सैल अर्थाने वापरला जातो. परंतु मराठेशाहीच्या काळातील कौल आणि इजारे यांच्या कागदांत त्याला नेमका व्यावहारिक अर्थ होता. ठरलेला वसूल देण्याचे ज्याने पत्करले, त्याच्यावर अवर्षण, अतिवृष्टी, टोळधाड असे संकट ओढवले तर ती अस्मानी. सैन्याची धामधूम, लूट, सत्तेची उलथापालथ यांमुळे पीक बुडाले तर ती सुलतानी. दोन्ही प्रसंगी सुटीचा विचार होई. पण दोहोंना निरनिराळी नावे होती. आकाशातून आलेले नुकसान आणि माणसाच्या, विशेषतः सत्ताधाऱ्याच्या, कृतीतून आलेले नुकसान यांत भेद केला पाहिजे, ही जाणीव त्या जोडशब्दाच्या रचनेतच आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांच्या जागी संस्कृत प्रतिशब्द सुचविले, तरी व्यवहारात 'महसूल', 'जमा', 'खर्च', 'वसूल', 'बाकी' हे शब्द टिकून राहिले. त्यांच्याबरोबर हा भेदही लोकभाषेत टिकला.

वऱ्हाडच्या बाबतीत तर हा भेद केवळ शाब्दिक राहिला नाही. खामगाव, शेगाव, जळगाव या परिसरातील शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या तीन-चार पिढ्या 'तहकुबी' आणि 'सूट' यांतील अंतर शिकतच वाढल्या. इंग्रजी अमदानीत पीक बुडाले की शेतसारा काही काळ पुढे ढकलला जाई, ती तहकुबी. आणि फारच बुडाले तर तो सोडून दिला जाई, ती सूट. एकात देणे कायम राहते, फक्त त्याचा दिवस बदलतो. दुसऱ्यात देणेच संपते. १९१८ साली पावसाने दगा दिला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने मध्यप्रांत व वऱ्हाडात भयंकर मनुष्यहानी केली. हिंदुस्थानात ज्या प्रांतांना त्या साथीचा सर्वाधिक तडाखा बसला, त्यांत या प्रांताची गणना होते. शेतसारा हाच तेव्हा सरकारी उत्पन्नाचा मुख्य आधार असल्याने पीक, साथ आणि तिजोरी या तिन्ही गोष्टी एकाच सूत्रात ओवलेल्या होत्या.

पुढे या अनुभवाला मापही मिळाले. आणेवारी आणि दशमान नाण्यांनंतरची पैसेवारी ही आपत्ती मोजण्याची भाषाच होय. रुपयात किती आणे, अथवा किती पैसे पीक आले, हे गावागणिक ठरवावयाचे आणि पन्नास पैशांच्या खाली गेल्यास सवलतींचा हक्क निर्माण व्हावयाचा. बुलढाणा जिल्ह्यातील पैसेवारीचे आकडे आजही दरवर्षी जाहीर होतात आणि ते किती खरे यावर वादही होतात. वाद होतो, याचाच अर्थ त्या शब्दाला काही धार आहे. ज्या शब्दावर वाद करता येत नाही, तो शब्द प्रशासनाला सोयीचा असतो, नागरिकाला नव्हे.

२०२०-२१ च्या आपत्तीला अशी पैसेवारी मिळाली नाही. तिला जो शब्द मिळाला तो 'तूट'.

(३)

'तूट' हा शब्द सापेक्ष आहे. 'कशापेक्षा' हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. २०२०-२१ साठी महसुली जमा ३ लाख ४७ हजार ४५७ कोटी रुपये होईल, असा अंदाज मार्च २०२० मध्ये मांडला होता. वर्षभराने सुधारित अंदाजात हा आकडा २ लाख ८९ हजार ४९८ कोटींवर आला. लेखापरीक्षणानंतर प्रत्यक्ष जमा सुमारे २ लाख ६९ हजार ४६८ कोटी ठरली. म्हणजे मूळ संकल्पाशी तुलना केल्यास सुमारे ७८ हजार कोटी रुपये आले नाहीत. संकल्पाच्या शेकडा बावीसहून अधिक रक्कम गळाली. महामारीने राज्याचे किती नुकसान केले, या प्रश्नाचे सर्वपरिचित उत्तर अशा तुलनेतून तयार होते.

परंतु तुलनेचा पाया बदलला की उत्तर बदलते. त्याच्या आदल्या वर्षी, २०१९-२० मध्ये, प्रत्यक्ष महसुली जमा सुमारे २ लाख ८३ हजार १९० कोटी होती. तिच्याशी तुलना केल्यास २०२०-२१ मधील घट सुमारे १३ हजार ७०० कोटींची, म्हणजे शेकडा पाचाच्या आतबाहेर भरते. उरलेले सुमारे ६४ हजार कोटी रुपये हे राज्याच्या हातात कधी नव्हतेच. ते आदल्या वर्षापेक्षा शेकडा बावीस-तेवीस वाढ होईल या आशेत होते. ते गेले असे म्हणणे व्याकरणदृष्ट्या शुद्ध असले, तरी अर्थदृष्ट्या सदोष आहे. जे आले नाही ते आणि जे गेले ते यांत मराठी भाषा नेहमीच भेद करते. खामगावच्या कापूस बाजारातील कोणताही अडत्या 'वायदा' आणि 'रोख' यांची गल्लत करणार नाही; अपेक्षित भाव न मिळाल्यास तो त्याला नुकसान म्हणेल, पण रोजकीर्दीत खर्ची टाकणार नाही.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. महामारी आली नसती तर महसूल काही प्रमाणात वाढलाच असता. त्यामुळे केवळ आदल्या वर्षाशी तुलना करणे म्हणजे नुकसान कमी करून दाखविणे होय. आक्षेप खरा आहे. २०२१-२२ मध्ये जमा पुन्हा सुमारे ३ लाख ३३ हजार कोटींवर गेली, यावरून दबलेली वाढ किती मोठी होती याची कल्पना येते. परंतु याच ठिकाणी दुसरीही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. २०१९-२० या वर्षासाठी सुमारे ३ लाख १४ हजार कोटींचा अंदाज केला असता प्रत्यक्षात त्याहून सुमारे ३१ हजार कोटी कमी आले होते, आणि त्या वर्षात टाळेबंदीचा जेमतेम आठवडा होता. २०२१-२२ मध्येही ३ लाख ६८ हजार ९८७ कोटींच्या अंदाजापेक्षा सुमारे ३५ हजार कोटी कमी जमा झाली. साथीपूर्वीचे वर्ष आणि साथीनंतर सावरण्याचे वर्ष, या दोहोंतही संकल्प आणि सिद्धी यांत शेकडा दहाच्या सुमारास अंतर पडलेले आहे. तेव्हा २०२०-२१ च्या ७८ हजार कोटींतील काही हिस्सा साथीचा आणि काही हिस्सा अंदाज फुगविण्याच्या जुन्या सवयीचा, असे मानणे भाग पडते. पहिला हिस्सा अस्मानी होय. दुसरा सुलतानी. 'तूट' हा शब्द दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

या संदर्भात 'अर्थसंकल्प' हा शब्दही तपासण्याजोगा आहे. मराठीत या अर्थाचा दुसरा शब्द 'अंदाजपत्रक' आहे. नगरपरिषदांच्या आणि संस्थांच्या व्यवहारात तो अजून चालतो. 'अंदाज' चुकू शकतो, आणि चुकला तर चुकला असे म्हणता येते. 'संकल्प' चुकत नाही. तो सिद्धीस जातो किंवा त्यात विघ्न येते. शब्दाच्या निवडीनेच अपयशाचे कारण बाहेर ढकलले जाते. हा दोष शब्द घडविणाऱ्यांचा नव्हे, कारण राज्याने आपल्या इच्छेचा उच्चार करणे हेही अर्थसंकल्पाचे कार्य आहेच. परंतु एकाच कागदात अंदाजही असतो आणि संकल्पही असतो; यांतील कोणता आकडा कोणत्या जातीचा, हे वाचकाला सांगितले जात नाही.

(४)

जमेत ७८ हजार कोटी कमी पडले. मग ते भरून कसे निघाले? मूळ अर्थसंकल्पात महसुली खर्च ३ लाख ५६ हजार ९६८ कोटी आणि महसुली तूट ९ हजार ५११ कोटी दाखविली होती. प्रत्यक्ष महसुली तूट सुमारे ४१ हजार १४२ कोटी झाली. तूट चौपटीहून वाढली, ही गोष्ट वृत्तपत्रांतून पुष्कळ चर्चिली गेली. परंतु साध्या वजाबाकीने असे दिसते की, तुटीतील वाढ सुमारे ३१ हजार ६०० कोटींची आहे; राहिलेले सुमारे ४६ हजार ४०० कोटी रुपये खर्च न करून भरून काढले गेले. न आलेल्या दर पाच रुपयांपैकी तीन रुपये राज्याने न खर्चून सोसले आणि दोन रुपये तूट वाढवून.

न झालेल्या खर्चाची ही बाजू भाषेत जवळजवळ अदृश्य आहे. वित्त विभागाने ४ मे २०२० रोजी जो शासन निर्णय काढला, त्यानुसार विकासाच्या योजनांना वर्षाच्या तरतुदीपैकी ३३ टक्केच निधी मिळावयाचा होता. नव्या योजना व नवी कामे थांबावयाची होती. सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण वगळता नवी भरती होणार नव्हती. आणि आरोग्य, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन यांना अग्रक्रम मिळावयाचा होता. हा अग्रक्रम योग्य होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज हे खर्च कापता येत नाहीत. म्हणून जे कापता येते तेच कापले जाते, हेही ओघानेच आले. परंतु कोणाचे कापले गेले? कोणत्या तालुक्याचा रस्ता, कोणत्या शाळेची खोली, कोणते रिक्त पद? 'निधीच्या उपलब्धतेनुसार' या शासकीय पदबंधात या प्रश्नाला जागाच नाही. तेथे निधी हाच कर्ता होतो. तो उपलब्ध होतो किंवा होत नाही, जसा पाऊस पडतो किंवा पडत नाही. निर्णय घेणारा वाक्यातून नाहीसा होतो.

शासकीय मराठीत 'करण्यात आले', 'करण्यात येत आहे', 'प्रस्तावित आहे' हा साचा इतका रुळला आहे की त्यात कर्त्याची उणीव कोणाला भासत नाही. मराठीचा कर्मणी आणि भावे प्रयोग मुळात कर्ता लपविण्यासाठी नाही. 'रामाने आंबा खाल्ला' यात कर्ता तृतीयेत उभा असतो. शासकीय गद्याने त्याची तृतीया काढून घेतली. सवलत जाहीर करताना मात्र ती परत येते. 'शासनाने निर्णय घेतला आहे' हे वाक्य सवलतीच्या प्रसंगीच अधिक ऐकू येते. देणारा हात दिसतो, आखडलेला हात दिसत नाही.

याचे लहान पण बोधप्रद उदाहरण मार्च २०२० च्या वेतनाचे आहे. ३१ मार्च रोजी लोकप्रतिनिधी व कर्मचारी यांच्या वेतनासंबंधी निर्णय जाहीर झाला. मंत्री व विधिमंडळ सदस्य यांचे ६० टक्के, अ व ब वर्गाचे ५० टक्के, क वर्गाचे २५ टक्के वेतन त्या वेळी मिळणार नव्हते. ड वर्गाला झळ लागू दिलेली नव्हती. ही वाटणी न्याय्यच होती. पण प्रथम जो शब्द लोकांपर्यंत पोहोचला तो 'कपात', आणि विरोध होताच जो शब्द पुढे आला तो 'दोन टप्प्यांत वेतन'. वऱ्हाडच्या जुन्या भाषेत सांगावयाचे तर प्रथम सूट घेतल्यासारखे बोलले गेले आणि मग ती तहकुबी असल्याचा खुलासा झाला. कर्मचाऱ्याने राज्याला कायमचे दिले की उसने दिले, यांतील अंतर संसाराच्या दृष्टीने केवढे मोठे आहे! तहकुबी हा शब्द जिवंत असता तर खुलाशाची वेळच आली नसती.

'टक्का' या शब्दाचेही असेच झाले. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात घरखरेदीवरील मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि पुढील तीन महिन्यांत दोन टक्क्यांनी कमी केले गेले. जेथे दर पाच होता तेथे तो दोनवर आला. बोलण्यात ती 'तीन टक्के सूट' झाली; वस्तुतः शुल्काचे शेकडा साठ सोडून दिले होते. उलट १ जून २०२० पासून पेट्रोल व डिझेल यांवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार वाढला, तो रुपयांत सांगितला गेला. घर घेऊ शकणाऱ्याला दिलेली सवलत आणि दुचाकीत तेल भरणाऱ्यावर पडलेला भार ही दोन्ही एकाच तिजोरीची कृत्ये. परंतु मापे निराळी असल्याने सामान्य वाचक त्यांची तुलना करू शकत नाही.

(५)

भाषेचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो वस्तू व सेवा कराच्या भरपाईच्या बाबतीत. १ जुलै २०१७ रोजी हा कर लागू होताना राज्यांनी आपले अनेक कर सोडले. त्या बदल्यात २०१५-१६ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी शेकडा १४ वाढीची हमी पाच वर्षांकरिता कायद्याने देण्यात आली. कमी पडेल ते भरपाई उपकरातून द्यावयाचे होते. म्हणजे राज्याच्या खातेवहीत ही रक्कम 'येणे' होती.

२७ ऑगस्ट २०२० रोजी कर परिषदेच्या ४१ व्या बैठकीनंतर केंद्रीय वित्तमंत्री निर्मला सीतारामन यांनी महामारीचा उल्लेख ईश्वरी कृत्य अशा अर्थाच्या इंग्रजी विधिसंज्ञेने केला. मराठीत ती 'देवाची करणी' या शब्दांनी आली. विधिसंज्ञेत जबाबदारीतून मुक्ततेचा दावा असतो. मराठी पदबंधात मात्र 'देवाची करणी आणि नारळात पाणी' या म्हणीचे कौतुकमिश्रित आश्चर्य आहे. त्यामुळे दाव्याची धार बोथट झाली आणि विषय विनोदाकडे वळला. भाषांतरात शब्द बरोबर असूनही वाक्प्रयोगाचा व्यवहार हरवतो, याचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल. 'अस्मानी' हा शब्द तेथे योजला असता, तर ऐकणाऱ्याच्या तोंडी पुढचा प्रश्न आपसूकच आला असता: मग सुलतानी किती?

विशेष हे की, केंद्राने हा भेद स्वतःच केला. कर लागू केल्यामुळे पडलेली तूट ९७ हजार कोटी आणि महामारीसह एकंदर तूट २ लाख ३५ हजार कोटी, अशी विभागणी करून राज्यांपुढे कर्जाचे दोन पर्याय ठेवले गेले. महाराष्ट्रासह अनेक राज्यांचा आक्षेप असा की, हमी देताना कायद्याने कारण विचारलेले नाही. तेव्हा तूट अस्मानी असो वा अन्य, भरपाई ही भरपाईच. हा आक्षेप कायद्याच्या शब्दांना धरून होता. अखेर ऑक्टोबरमध्ये केंद्राने स्वतः १ लाख १० हजार कोटींचे कर्ज काढून ते राज्यांना तसेच पुढे देण्याचे ठरविले. महाराष्ट्राच्या वाट्याला २०२०-२१ मध्ये सुमारे १२ हजार कोटी आले. परतफेड उपकरातून व्हावयाची असल्याने राज्यावर प्रत्यक्ष बोजा नव्हता, आणि त्यासाठीच जून २०२२ मध्ये उपकराची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढविण्यात आली. तथापि लेख्यात ही रक्कम महसुली जमेत न येता कर्जाच्या बाजूला गेली. ती भरपाई म्हणूनच आली असती तर त्या वर्षाची महसुली तूट सुमारे ४१ हजार कोटींऐवजी सुमारे २९ हजार कोटी दिसली असती. रुपया तोच, तारीख तीच. नाव बदलले, आणि येणे हे देणे झाले. आकडे बोलत नाहीत, शीर्षे बोलतात, या आरंभीच्या विधानाला याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

अस्मानी-सुलतानीचा भेद दुधारी आहे, हेही या प्रकरणातून ध्यानात येते. केंद्राने तो आपले देणे कमी करण्यासाठी वापरला. राज्याने केंद्रापुढे तो नाकारला, आणि आपल्या नागरिकांपुढे मात्र सगळे अस्मानी असल्यासारखे मांडले. भेद करणे पुरेसे नाही. तो कोण करतो आणि कोणासमोर करतो, हे महत्त्वाचे आहे.

(६)

आता हे सर्व खामगावसारख्या गावाच्या पातळीवर आणून पाहणे अगत्याचे आहे. कारण राज्याच्या महसुलाची भाषा तेथे पोहोचते ती पाटीवर, पावतीवर आणि बंद पडलेल्या कामाच्या रूपाने. खामगाव हे कापसाचे गाव. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते येथील कापूस बाजार आणि जलंबपासूनचा लोहमार्ग यांचे उद्घाटन झाले, ते या गावचा कापूस मुंबईमार्गे परदेशी जावा म्हणून. तेव्हापासून जिनिंग, प्रेसिंग, सरकी, गाठी हे शब्द गावाच्या रोजच्या बोलण्याचे आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने कापसाची शासकीय खरेदी थांबली तेव्हा वऱ्हाडातील पुष्कळ घरांत कापूस पडून होता, आणि पाऊस तोंडावर आला तरी खरेदी पुरी व्हावयाची होती.

आर्थिक पाहणीने २०२०-२१ साठी जे अंदाज दिले त्यांत राज्याचे स्थूल उत्पन्न ८ टक्क्यांनी घटेल, उद्योग ११.३ आणि सेवा ९ टक्क्यांनी घटतील, परंतु कृषी व संलग्न क्षेत्र ११.७ टक्क्यांनी वाढेल, असे म्हटले होते. आता विरोध पाहा. जे क्षेत्र वाढले त्याच्यापासून तिजोरीला जवळजवळ काही मिळत नाही. शेतसारा आज नाममात्र आहे. कापसाच्या गाठींवर कर असला तरी तो गंतव्याधारित आहे. गाठ परराज्यातील गिरणीत गेली की त्या कराचा राज्याचा वाटा तिकडे जातो. राज्याला खामगावातून जे मिळते ते पेट्रोल पंपावर, मद्याच्या दुकानात, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आणि किरकोळ विक्रीच्या पेढीवर; आणि टाळेबंदीने नेमके हेच दरवाजे बंद केले. मे २०२० च्या आरंभी मद्याची दुकाने उघडण्याची घाई का झाली, याचे उत्तर महसुलाच्या या रचनेत आहे. 'महसूल' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ हाती आलेले पीक, उत्पन्न असा. आजच्या महसुलात पिकाचा भाग उरलेला नाही. शब्द शेताचा राहिला, अर्थ पंपावर गेला.

गावाचे स्वतःचे उत्पन्न पाहिले तर भरपाईची कथा येथे आधीच घडून गेलेली दिसते. १९९९ मध्ये राज्याने नगरपरिषदांची जकात रद्द केली आणि तिच्या बदल्यात अनुदान सुरू केले. ज्या गावाला आपल्या नाक्यावर आपला कर घेण्याचा हक्क होता, त्याला तेव्हापासून राज्याच्या आदेशाची वाट पाहावी लागली. 'भरपाई' न म्हणता 'अनुदान' म्हटल्याने हक्काचे रूपांतर कृपेत झाले. २०२० मध्ये राज्याने केंद्राकडे जी तक्रार केली, ती करण्याचा अधिकार प्रत्येक नगरपरिषदेला राज्यापुढे होता. पण तिच्याजवळ तक्रारीला लागणारा शब्दच नव्हता.

(७)

या चिकित्सेवर दोन उत्तरे संभवतात. पहिले असे की, संकटकाळात शासनाने शब्दांचा काथ्याकूट करीत बसावे काय? राज्याला नोटा छापता येत नाहीत, कर्जाची मर्यादा केंद्र ठरविते, आणि मे २०२० मध्ये ती स्थूल उत्पन्नाच्या तीनवरून पाच टक्क्यांपर्यंत वाढविली तरी तिच्या काही भागाला अटी होत्या. हे सर्व खरे असून राज्याने आरोग्याला दिलेला अग्रक्रम, आणि पुढे मार्च २०२१ मध्ये आरोग्यसेवांसाठी चार वर्षांत साडेसात हजार कोटींची केलेली घोषणा, यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु संकट ओसरल्यावर मांडलेल्या हिशेबाला ही सबब लागू पडत नाही.

दुसरे उत्तर असे की, अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष हे तिन्ही आकडे शासन प्रसिद्ध करतेच. लेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळापुढे येतोच. लपविले काय? लपविले काही नाही, हे मान्य केले पाहिजे. पण प्रसिद्ध करणे आणि कळविणे या दोन भिन्न क्रिया आहेत. प्रत्यक्ष आकडा येईपर्यंत दोन नवे संकल्प सोडून झालेले असतात, आणि वाचकाला तीन निरनिराळी पुस्तके शेजारी ठेवून स्वतः वजाबाकी करावी लागते. जो हिशेब वाचकाला करावा लागतो तो लेखकाने टाळलेला असतो.

मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा झाल्याला सहा दशके होऊन गेली. परिभाषा घडविण्याचे काम भाषा संचालनालयाने मोठ्या कष्टाने केले, आणि अर्थसंकल्प मराठीतून वाचला जातो याचे श्रेय त्या कष्टांना आहे. आता पुढची पायरी शब्दांची नसून वाक्यांची आहे. तुटीचा आकडा देताना ती कशाच्या तुलनेत, हे त्याच वाक्यात यावे. न केलेल्या खर्चाला कर्ता आणि ठिकाण असावे. न दिलेले पैसे सूट आहेत की तहकुबी, हे पहिल्याच दिवशी सांगावे. यासाठी नवे शब्द घडवावे लागत नाहीत. कौलनाम्यांत, पैसेवारीच्या तक्त्यांत आणि खामगावच्या पेढ्यांवरील रोजकीर्दींत ते कधीचेच आहेत. साथ अस्मानी होती. तिचा भार कोणावर किती टाकावयाचा, हे माणसांनी ठरविले. ज्या राज्याच्या भाषेत या दोन गोष्टींना दोन नावे शेकडो वर्षे आहेत, त्या राज्याच्या अर्थसंकल्पाने त्यांना एकच नाव द्यावे, यास शब्दांची टंचाई हे कारण होऊ शकत नाही.